पंचविसावं नाव

डिचोलीच्या खाणीवर मुकादम झेरॉक्सवरून नावं वाचू लागला. तिसऱ्या नावालाच रांगेतल्या शुभांगीनं यादी ओळखली. दिल्लीला धाडताना तिनं लिहिला होता तोच क्रम. कामगार बायकांना हक्क समजावणाऱ्या तिच्या मंडळाला अनुदान हवं तर शिबिराला आलेल्या पंचवीसजणींची यादी धाडा, असं दिल्लीहून कळवलं होतं. आल्या होत्या चोवीस. पंचविसावी, आनंदी गावस, तिनं मनानंच रचली. शिबीर घेणारीनं स्वतःचं नाव घालायचं नव्हतं. मुकादमानं चोवीसजणींची हजेरीकार्डं काढून घेतली. "आनंदी गावस खंय आसा? ती गावल्याबिगर एकीकय घराक सोडूचंय नाय." तान्हं घरी ठेवून आलेली एकजण रडू लागली. शुभांगीनं घमेलं खाली ठेवलं. "मीच ती." मुकादमानं कागदाची घडी घातली. "अशी कोण नाय, ठावक हुतां माका," तो हसला. "माका ही यादी लिवणारी व्हयी हुती."