टेकाडावरचा फोन

ग्रामसभेत सरपंचांनी विचारलं, "पंचायतीतर्फे वाडीत घरोघरी वायफाय द्यायचंय. मंजूर का?" झाडून सगळे हात वर गेले. सोनियाचा तेवढा पदराखालीच राहिला.

"कर की हात वर!" शेजारी बसलेल्या सासूनं कोपरानं ढोसलं. "माहेरी फोन लावायचा म्हंजी रोज रेंजसाठी टेकाड चढतीस. आता घरात माझ्यापाशी बसून बोल, हवं तेवढं."

सोनियानं हात वर केला. ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्या पडल्या.

सांजच्याला ती टेकाडावर चढली आणि आईला फोन लावला.

"आये, आमच्या घरात वायफाय येतंय," ती म्हणाली. "मग फोनवर मी बरी हाय म्हणले, तरी खरं मानू नगंस."