कंट्रोलरचं घड्याळ

लिंबाजीनं शिट्टी मारली आणि मनिषाच्या हातातलं पेन तिथंच थांबलं.

"झाली वेळ. ठेव पेन."

"आज बी नऊ राहिले, बाबा!" मनिषानं कपाळावर हात मारला. "तिसरा उतारा निम्मा बी वाचून झाला न्हाई."

साठ मिनिटं, तीन उतारे, चाळीस प्रश्न. आयर्लंडच्या दवाखान्यात नर्स म्हणून जायचं, तर इंग्रजीच्या परीक्षेत ह्या वाचनाच्या पेपराला निदान तीस उत्तरं बरोबर यायला हवीत. परभणीची नोकरी सोडून मनिषा तीन महिने पालमला घरी बसून हेच करत होती. रोज दुपारी मोबाइल आतल्या खोलीत, तोंड भिंतीकडं, आणि वेळ बघायला बाप. दुसरं होतंच कोण? आई, सगुणाबाई, मागच्या साली वारली. घरात दोघंच.

आणि वेळेच्या बाबतीत लिंबाजीसारखा खमक्या माणूस अख्ख्या तालुक्यात शोधून सापडला नसता. पालमच्या एसटी स्टँडवर एकवीस वर्षं कंट्रोलर. पुढाऱ्याची बायको धावत येत असली तरी ह्यानं गाडी थांबवली नाही, आणि गाडी रिकामी आहे म्हणून मिनिटभर आधी सोडलीही नाही. लोक त्याला विचारून आपली घड्याळं लावायचे. असल्या माणसाच्या शिट्टीवर पोटची पोर कशाला शंका घेईल?

मनिषानं उत्तरं ताडून पाहिली. सव्वीस. काल पंचवीस बरोबर होती, परवा सत्तावीस.

ती उठली आणि आतून मोबाइल घेऊन आली. परीक्षेला कोण बसणार, ते नांदेडच्या क्लासच्या मॅडमना आज पाचपर्यंत कळवायचं होतं.

"काय करायलीस?" लिंबाजीनं विचारलं.

"माझं नाव काढा म्हणून सांगायले मॅडमला. मला येत न्हाई, बाबा. तीन महिन्यांत आलं न्हाई ते आता काय येतंय? जाऊ द्या. हितंच कुठंतरी लागते कामाला. तुमच्याजवळ राहते."

हेच ऐकायची तर लिंबाजी तीन महिने वाट बघत होता. पण ऐकलं आणि त्याला पोरीचा चेहरा बघवेना.

रिंग जायला लागली होती. त्यानं उठून तिच्या हातातला मोबाइल घेतला आणि कट केला.

"अहो बाबा! द्या हिकडं."

"नाव काढू नको. येतंय तुला, माय."

"काय येतंय? सव्वीसला कोण इचारतंय?"

"मी पन्नासच मिनिटं द्यायलो तुला."

मनिषाला आधी काही समजलंच नाही.

"शिट्टी दहा मिनिटं आधी मारायलो," लिंबाजी जमिनीकडं बघत म्हणाला. "रोज. चुकून न्हाई. जाणूनबुजून."

मग मात्र मनिषाच्या तोंडाचा पट्टा सुटला. "तीन महिने, बाबा! तीन महिने मी सोताला ढ म्हणायले. उशीत तोंड घालून रडायले. आन् तुमी वरून चहा करून आणायचे! म्हणायचे, येईल माय, हळूहळू येईल! जगाच्या गाडीचं कधी एक मिनिट खाल्लं न्हाई तुमी. आन् माझी दहा खाल्ली?"

लिंबाजीनं सगळं ऐकून घेतलं.

"तुझी माय गेल्यापासून ह्या घरात तुझाच तेवढा आवाज हाय," तो शेवटी म्हणाला. "तू गेलीस की मी हाक कुणाला मारू? म्हणून केलं. लय वंगाळ केलं."

मनिषा ओढणीनं डोळे पुसत बसली. तेवढ्यात मोबाइल वाजला. मॅडमच होत्या. लिंबाजीनं मुकाट्यानं तो तिच्यापुढं धरला.

"हो मॅडम, मगाशी कट झाला. बसणार आहे मी. नाव राहू द्या."

फोन झाल्यावर तिनं गठ्ठ्यातला एक कोरा पेपर काढला. मोबाइल आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसली.

"लावा वेळ. साठ."

"मोबाइलवर लाव की तुझ्या," लिंबाजी चाचरत म्हणाला.

"न्हाई. तुमीच लावा."

लिंबाजीनं मनगटावरचं घड्याळ सोडून हातात घेतलं. मग शिट्टी मारली. पहिला उतारा काचेच्या कारखान्यांवर होता, दुसरा वटवाघळांवर. मनिषाचं बोट ओळींवरून झरझर चाललं होतं. तीन महिने पन्नास मिनिटांत धावायची सवय लागलेली पोर ती! लिंबाजी एकदा काट्याकडं बघत होता, एकदा तिच्या पाठीकडं. पन्नास मिनिटं झाली तेव्हा ती तिसऱ्या उताऱ्याच्या मध्यावर होती. सत्तावन्नाव्या मिनिटाला तिनं पेन खाली ठेवलं.

"झालं, बाबा! सगळे झाले! चाळीसच्या चाळीस!"

ती हसत मागं वळली आणि बापाचं तोंड बघून तिचं हसू तिथंच विरलं. ती आता जाणार, हे उत्तरं न ताडताच दोघांना कळून चुकलं होतं.

तिनं उत्तरांचं पुस्तक ओढलं.

"र्‍हाऊ दे ते," लिंबाजी म्हणाला. "तीन मिनिटं हायेत अजून."

"पण माझं झालंय की, बाबा."

"झालं असंल." त्यानं बाजेवर सरकून जागा केली. "तेवढी तरी बस माझ्याजवळ."