मॅलकी निवडून येणारच होता

निकाल जाहीर झाला आणि शाळेच्या क्रीडागृहात क्षणभर कोणी टाळीही वाजवली नाही. वीसेक वर्षे खासदार असलेला मॅलकी टिअर्नन पडला होता. निवडून आला होता फिंटन क्वर्क: दर निवडणुकीला उभा राहणारा, दर निवडणुकीला हरणारा, सायकलवरून प्रचार करणारा म्हातारा. चुकून दुसऱ्याच्याच लग्नात शिरल्यासारखा तो हातात टोपी धरून उभा होता.

लोक मॅलकीपाशी येऊन मयताच्या घरी करतात तसे हस्तांदोलन करू लागले. खाटीक डेक्लन म्हणाला, "तू तर येणारच होतास रे! म्हणून पहिला क्रमांक बिचाऱ्या क्वर्कला दिला. निदान अनामत तरी वाचावी त्याची. दुसरा तुलाच होता, देवाशपथ." प्रसूतिकक्षातली परिचारिका उनाही हेच सांगत होती, तिला रडू आवरत नव्हते. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, की मत दुसऱ्याकडे जाते, हा सगळ्यांचा हिशेब होता. पण क्वर्क बाद झालाच नाही.

"फार दयाळू आहे हो आपलं गाव!" मॅलकीची बायको नोरीन सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "या सगळे घरी. चहा पाजते."

"गप, नोरीन."

तेवढ्यात राजधानी डब्लिनहून मॅलकीच्या पक्षनेत्याचा फोन आला. दोन पक्षांच्या आघाडीला बहुमतासाठी एकच जागा कमी पडत होती. ती मॅलकीची धरलेली होती, आणि तिच्या बदल्यात त्याने एकच गोष्ट मागितली होती: गावच्या रुग्णालयातला प्रसूतिकक्ष बंद होऊ नये.

"क्वर्कला आण," नेता म्हणाला. "तुझीच अट त्याच्या नावावर मान्य करतो. तो नाही आला, तर मला दक्षिणेतल्या त्या अपक्षाकडे जावं लागेल. आणि त्याला तुमचा कक्ष त्याच्या गावात हवाय."

फोन तसाच हातात धरून मॅलकी क्वर्ककडे गेला. "फिंटन, त्यांना पाठिंबा दे. रस्ता मागू नकोस, पूल मागू नकोस. फक्त कक्ष माग."

"माझी नात तिथंच जन्मली, मॅलकी. मला का कळत नाही?" क्वर्क म्हणाला. "पण आयुष्यभर दारोदार एकच सांगत आलोय, की मी कुठल्याच सरकारला पाठिंबा देणार नाही. लोक हसायचे. कुत्री सोडायचे अंगावर. आज त्याच लोकांनी मला निवडून दिलं!"

"लोकांनी तुला..." म्हाताऱ्याचा उजळलेला चेहरा पाहून मॅलकी थांबला.

"मला काय?"

"काही नाही."

"तू मोठ्या मनाचा माणूस आहेस, तूच सांग. ज्यांनी माझ्या नावापुढं एक घातला, त्यांनी माझा शब्द ऐकूनच घातला ना? ज्यानं मला उगाच, कीव करून मत दिलं, असा एक माणूस माझ्यासमोर उभा कर. त्यानं माझ्या तोंडावर तसं सांगावं. मग मी आत्ता, या फोनवर, पाठिंबा देतो."

मॅलकीने सभोवार पाहिले. डेक्लन बुटांच्या नाड्या बांधायला वाकला. उना दाराकडे निघाली होती. नोरीन मात्र त्याच्याकडेच टक लावून पाहत होती.

त्याने फोन कानाला लावला. "तो येत नाही," एवढेच तो म्हणाला.

मतदानाच्या दिवशी सकाळी, फळीच्या आडोशाला, आपण तर येणारच आहोत अशा उदार आनंदात, त्याने स्वतःही क्वर्कच्याच नावापुढे एक हा आकडा घातला होता.