नळी साफ आहे

एक टेबल, एक दुर्बीण, दोन सिस्टर आणि काविळीने पिवळ्या पडलेल्या, तापाने फणफणलेल्या शिवणक्लासवाल्या मावशी. छोट्या रुग्णालयाच्या खोलीत एवढंच होतं. डॉक्टरीणबाईंनी शहरातल्या आपल्या बड्या सरांना फोन लावला. महिन्यापूर्वी मावशींच्या पित्तनळीतला खडा त्यांनीच काढला होता.

"अगं, त्या नळीत आजवर फक्त माझीच अवजारं गेलीत. नळी साफ आहे," सर हसले. "चार खाटांच्या दवाखान्यात कसले नसते उद्योग करता? पाठव इकडे."

"तोवर मावशी टिकायच्या नाहीत, सर."

"मग कर काय करायचं ते. माझं नाव मध्ये आणू नकोस."

बाईंनी हातमोजे चढवले.

* * *

नळीतून खडा निघालाच नाही. निघालं ते खडे पकडायच्या तारेच्या जाळीचं तुटलेलं टोक. लांबी अकरा मिलिमीटर.