आधी ह्यांचं बघा

"काहीच सापडत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी गंभीर आहे!" मोठे डॉक्टर फोनवर ओरडले. "आता पोटाचा स्कॅन करा. ताबडतोब!"

एक्स-रे विभागातल्या चौकशीबाईने फोन ठेवला आणि ट्रॉलीवरच्या गृहस्थांकडे पाहिलं. कागदावर लिहिलं होतं, जिन्यावरून पडले. तासाभरात त्यांच्या डोक्याचे, मानेचे, छातीचे आणि दोन्ही मनगटांचे फोटो निघाले होते. एकेक फोटो स्वच्छ निघत गेला तसतशी तपासणाऱ्या डॉक्टरांची संख्या वाढत गेली. काही सापडलं असतं तर एकाच डॉक्टरवर भागलं असतं.

फोटो काढण्याआधी पेशंटला चार प्रश्न विचारायची खोड, म्हणून तिला सगळे चौकशीबाई म्हणत. त्यापायी तिचा विभाग कामाच्या फळ्यावर कायम तळाला. परवाच तिला तंबी मिळाली होती, बोलणं कमी आणि फोटो जास्त. आता पुन्हा उशीर झाला तर तिची रवानगी तळघरात, जुन्या फायली लावायला.

गृहस्थांची बायको ट्रॉलीला चिकटूनच आली होती. कुणी काहीही विचारलं की उत्तर तिचं. "माझं राहू द्या हो, आधी ह्यांचं बघा. तोंड कसं पांढरंफटक पडलंय!" उजव्या अंगावर शाल घट्ट लपेटलेली, डाव्या काखेत फोटोंची पाकिटं. संमतीपत्रावर तिने डाव्या हाताने सही केली, ती इतकी वेडीवाकडी की कारकून म्हणाला, "काकू, पहिलीतली पोरंसुद्धा बरी काढतात." ती हसली नाही. कपाळावरचा घामही तिने पुसला नाही.

पण नियम म्हणजे नियम. मशीनच्या खोलीत पेशंटशिवाय कुणी थांबायचं नाही. चौकशीबाईने तिला बाहेर बाकावर बसवलं आणि जाड दार ओढून घेतलं.

"काका, आता तुम्हीच सांगा. नेमकं काय झालं?"

गृहस्थांनी आधी दार नीट लागलंय ना ते पाहिलं.

"बोललो तर चालेल?"

"बोला की."

"मला काहीसुद्धा झालेलं नाही हो. जिन्यावरून ती पडली. तिचा हात बघून मला इथे दारातच घेरी आली. कुणीतरी उचलून ह्याच्यावर घातलं, पट्टे बांधले. तेव्हापासून पेशंट मी."

"मग इतका वेळ गप्प का राहिलात?"

"गप्प कुठला! मी तोंड उघडलं की ती म्हणते, हे भ्रमात बोलताहेत. मग डॉक्टर डोक्याचा फोटो सांगतात. दोनदा झाला."

फोन खणखणला. "सापडलं का काही?"

"सापडलं, डॉक्टर. हाड मोडलंय."

"अरे वा! कुठे?"

"बाहेरच्या बाकावर."

पलीकडून काही बोलणं यायच्या आत तिने फोन ठेवला आणि दार उघडलं. बायको धडपडत उभी राहिली. शालीखालून उजवा हात डोकावत होता. कोपर नसतं तिथे तो वाकला होता.

"कसे आहेत हे?"

"ठणठणीत. डोक्यापासून मनगटापर्यंत एकही हाड मोडलेलं नाही."

"नक्की?"

"अगदी नक्की."

तिने सुटकेचा निःश्वास टाकला, पाकिटं चौकशीबाईच्या हाती दिली, मटकन बाकावर बसली आणि तासाभरात पहिल्यांदाच ओरडली, "आई गं!"