बरं आहे तिचं

“हळू बोला हं, आत्ताच डोळा लागलाय तिचा,” दार उघडता उघडता म्हातारा कुजबुजला.

रुग्णालयाची हिशेब तपासणारी बाई पाय न वाजवता आत आली. हृदयाच्या दुखण्यातून घरी गेलेल्यांना दर आठवड्याला नर्सनं फोन करायचा, अशी रुग्णालयाची योजना होती. गोळ्या घेतल्या का, पायांवर सूज आहे का, धाप लागते का, एवढंच विचारायचं. म्हणजे माणूस पुन्हा दाखल व्हायची वेळ येत नाही. त्यातून नर्सचा पगार तरी सुटतो का, हे बाईला ठरवायचं होतं. सुटत नसेल तर योजना बंद. या घरची आजी म्हणजे योजनेचं सगळ्यांत मोठं यश. वर्ष झालं, एकदाही दाखल झाली नव्हती. तिचे चार शब्द अहवालात घालावेत म्हणून बाई मुद्दाम आली होती.

तेवढ्यात फोन वाजला. म्हाताऱ्यानं केसांवरून हात फिरवला आणि ताठ बसून तो उचलला.

“हो सिस्टर, बरं आहे तिचं. सूज अजिबात नाही. मिठाला हात लावू देत नाही मी. कुरकुरते, पण ऐकते हो!”

फोन ठेवला तरी हसू चेहऱ्यावर रेंगाळत होतं.

“काका, दारातूनच बघते त्यांना. उठवत नाही.”

बाईनं आतलं दार हलकेच लोटलं. पलंगावर गादी गुंडाळून ठेवली होती. उशाकडच्या स्टुलावर गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली.

“कधी?” तिनं विचारलं.

“घरी आणलं त्याच रात्री. झोपेतच.”

बाई खुर्चीत बसली. गेलेलं माणूस पुन्हा दाखल होत नाही. यश होतं ते एवढंच.

“काका, हे मला कळवावं लागेल. त्यानं कदाचित योजनाच बंद पडेल.”

“कळवा. तुमचं कामच आहे ते.”

“पण सिस्टरना का नाही सांगितलंत?”

“सांगणार होतो. तोंडाशी आलं होतं.” त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “घरात येणारा जो तो विचारायचा, ‘कशी हो गेली?’ आणि त्या पोरीनं विचारलं, ‘कशा आहेत आजी?’ तसं विचारणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं, बाई.”