साहेब आणि माळी

उद्या सज्जात उभं राहून लोकांना हात दाखवायचा होता, आणि साहेबांच्या पाचावर धारण बसली होती. मागच्या खेपेला गोळी कानाजवळून गेली होती. म्हणायला देशाचे सर्वेसर्वा, पण खिडकीचा पडदा सरकवायचीही चोरी. ताटातला पहिला घास दुसऱ्याने चाखायचा, आणि झोपायचं कुठल्या खोलीत, ते पहारेकऱ्यांनी ठरवायचं. असली सत्ता काय जाळायचीय?

संध्याकाळी ते नेहमीसारखे बागेत आले. दाढीवाला माळी गुलाब छाटत बसला होता. पहारेकरी मागे खेटूनच उभे होते. एकाच्या बाहीची शिवण उसवलेली साहेबांनी तेवढ्यातही हेरली.

"माळीबुवा, तुझं बरं आहे," साहेब म्हणाले. "भूक लागली की जेवतोस, झोप आली की घोरतोस."

"दुरून डोंगर साजरे, साहेब. माझ्या डोक्यावर मुकादम आहेच की."

"मुकादम शिव्या घालतो. गोळ्या तर घालत नाही ना?"

पहारेकरी हसले. साहेबांच्या विनोदाला हसणं नोकरीतच धरलेलं होतं.

"लहान तोंडी मोठा घास घेतो," माळी कात्री न थांबवता म्हणाला. "हुकूम सोडणाराही बांधलेलाच असतो. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, तोच खरा मोकळा."

साहेबांना ते फार लागलं. बायको आठवली, लेक आठवली. त्या दोघींचं आपल्यावाचून अडत असेल की एव्हाना सवय झाली असेल? त्यांना भरून आलं. त्यांनी पहारेकऱ्यांना फाटकापाशी पिटाळलं, बुटांचे आवाज लांब जाऊ दिले आणि मग ते माळ्यापुढे चक्क गुडघे टेकून बसले.

"आता पुरे झालं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी साधा शिंपी. चेहरा तुमच्यासारखा निघाला, हा काय माझा गुन्हा? चार दिवस माझ्या खुर्चीत बस, असं म्हणाला होतात तुम्ही. वर्षं लोटली. उद्या ती दाढी उतरवा, सज्जात तुमचे तुम्ही उभे राहा. मला घरी जाऊ द्या, साहेब!"

माळ्याने छाटलेल्या फांद्या सावकाश टोपलीत भरल्या. टोपली उचलून तो उभा राहिला आणि अदबीने वाकला.

"साहेब तर आपण," तो म्हणाला. "मी माळी."